सणाचं शुद्ध पेट्रोल

बेंगळूरच्या नौकानयनाचा इतिहास कोणी लिहायला घेतला, तर त्यात माझा उल्लेख टाळता येणार नाही. हे मी नम्रपणे सांगतो. या शहराला समुद्र नाही. नदी आहे असं म्हणतात, पण दाखवा म्हटलं की लोक एका गटाराकडे बोट करतात. नव्वदच्या दशकात इथे बोटीच्या मोटरी दुरुस्त करणारा मी बहुधा एकटाच होतो. त्या काळात माझ्याकडे आलेल्या सगळ्या बोटमोटरी एका हातगाडीवर मावल्या असत्या, आणि हातगाडीवाल्याने वर थोडी केळीही ठेवली असती.

पोट भरत होतं ते दुसऱ्या यंत्रांवर. कॉफीच्या मळ्यांतले फवारे, मंगल कार्यालयांतले छोटे जनरेटर, मोपेड. टू-स्ट्रोक इंजिन असलेलं काहीही शिवाजीनगरच्या बसस्टँडमागच्या आमच्या गल्लीत आलं की लोक माझं दार दाखवत. सांगलीहून इथल्या एका सरकारी कारखान्यात मी देखभालीच्या कामाला आलो होतो. ती नोकरी सोडून हे दुकान का काढलं, हा प्रश्न आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या पेन्शनवाल्यांनी मला इतक्या वेळा विचारला आहे की आता मी उत्तर म्हणून चहा मागवतो.

टू-स्ट्रोक म्हणजे काय, ते वाचकांसाठी थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मोठ्या इंजिनांच्या पोटात वंगणाच्या तेलाचा वेगळा साठा असतो. टू-स्ट्रोकच्या पोटात तो नसतो. त्याच्या पेट्रोलमध्येच थोडं तेल मिसळायचं. ते पेट्रोलबरोबर आत जातं, पिस्टनला आणि बेअरिंगला लागतं, आणि काम संपलं की जळून धूर होतं. त्या काळी इथल्या रिक्षांमागे जो निळा धूर असायचा तो हाच. म्हणजे या इंजिनाला तेल मिळतं ते जेवणातून. जेवणात घातलं नाही, तर दुसरीकडून कुठून मिळत नाही.

या धंद्यात माणसं तऱ्हेतऱ्हेची भेटली. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला पाहुण्यांवर गुलाबपाणी उडवायचं म्हणून त्याचे कार्यकर्ते कॉफीच्या मळ्यातला फवारा दुरुस्तीला घेऊन आले. इंजिन मी चालू करून दिलं आणि औषधाची टाकी नीट धुवायला सांगितलं. ती त्यांनी धुतली नसावी. भाषणं ठरल्यापेक्षा बरीच लवकर संपली असं मी ऐकलं, आणि पहिल्या रांगेतल्या कोणाला महिनाभर डास चावले नाहीत. माझ्या कामाचा समाजाला थेट उपयोग झाला असे प्रसंग फार नाहीत, म्हणून हा सांगितला.

आता शिंदे अण्णाची गोष्ट.

शिंदे अण्णा इथल्या जुन्या मराठी लोकांपैकी. त्याचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. बनशंकरीच्या बरंच पलीकडे, जिथे तेव्हा शहर संपत असे, तिथे एक तलाव होता. इकडे तलावाला केरे म्हणतात. त्या केऱ्यातल्या मासेमारीचा ठेका अण्णाकडे होता. ठेका दर काही वर्षांनी नव्याने मिळायचा, आणि त्यात एक अट होती: पाणी जलपर्णीपासून मोकळं ठेवायचं. कन्नडमध्ये जलपर्णीला अंतरगंगे म्हणतात. इतकं पवित्र नाव मिळालेली गोष्ट सहजासहजी हटत नाही, हा आपल्या सार्वजनिक जीवनातलाही अनुभव आहे.

अण्णा ती होडीने ओढून काठाला आणायचा. पण त्याचा उजवा खांदा धरला. हात डोक्याच्या वर जाईना, वल्हं मारता येईना. मग तो समुद्रकाठच्या मालपे बंदरावर गेला आणि तिथल्या एका कोळ्याकडून जुनी आउटबोर्ड मोटर घेऊन आला. खाली पंखा, मधे लांब दांडा, वर नारळाएवढ्या सिलिंडरचं इंजिन. होडीच्या मागे अडकवायची आणि दोरी ओढायची. दोरी डाव्या हाताने ओढता येते. वर्षभर त्या मोटरीने त्याच्या खांद्याचं काम केलं.

दसऱ्यानंतर तीन-चार दिवसांनी तो आणि त्याची बायको रिक्षातून माझ्या दुकानासमोर उतरले. मोटर जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. उघडली तर तिच्यावर कुंकू, हळद, सुकलेल्या झेंडूची माळ, आणि पंख्याच्या पात्याला लिंबू. आपली खंडेनवमी ती इथली आयुधपूजा. त्या दिवशी या शहरात यंत्रांची जी सरबराई होते ती माणसांची लग्नातही होत नाही. बस धुतात, लेथ धुतात, टाइपरायटर पुसून त्याला फूल वाहतात, रस्त्यात कोहळे फोडतात. पण इतकी नटलेली बोटमोटर मी प्रथमच पाहत होतो.

"स्वल्प बघा की सार," अण्णा म्हणाला. "दोरी हलत नाही."

मी दोरी ओढली. भिंतीला बांधल्यासारखी होती.

"कधी बंद पडली?"

"दसऱ्याला. पूजा नवमीला केली, दसऱ्याला पाण्यात घातली. मधोमध गेलो आणि ओरडली आणि थांबली."

"मग?"

"मग काय, तापली असंल म्हणून थांबलो. चित्रान्नाचा भात आणला होता, तो खाल्ला. परत दोरी ओढली तर सुरू झाली की. म्हटलं, सरी, विश्रांती पाहिजे होती हिला. मग परत ओरडली."

"आणि परत येताना वल्हं मी मारलं," त्याची बायको म्हणाली. तिला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. "नवी साडी नेसून."

आमच्या धंद्यात अशा वेळी एकच प्रश्न विचारायचा असतो. काय केलंस, असं विचारलं तर सगळे जण काही नाही म्हणतात. मी विचारलं, "टाकीत काय होतं?"

"पेट्रोल."

"आणि?"

"आणि काही नाही." अण्णा ताठ बसला. "शुद्ध."

मी टाकीचं झाकण काढून वास घेतला. खरोखर शुद्ध होतं. तेलाचा मागमूस नव्हता. टाकी आतून इतकी स्वच्छ घासली होती की तिच्यात दूध तापवता आलं असतं.

"अण्णा, रोज तेल मिसळत होतास ना?"

"रोज मिसळतो की. मालपेवाल्यानं सांगितलं तसं, माप धरून. पण ते कसं आहे सार, पेट्रोल महाग, म्हणून लोक तेल घालून वाढवतात. दुधात पाणी घालतात तसं. गरिबानं काय करायचं, मी पण वर्षभर तसंच घातलं. पण आयुधपूजा आली. बैलाला आपण वर्षभर कडबा घालतो, पण सणाला होळिगे घालतो का नाही? मग हिनं काय पाप केलं? म्हणून टाकी धुतली, आणि एक दिवस तरी हिला शुद्ध पाजलं."

होळिगे म्हणजे पुरणपोळी. अक्का रस्त्याकडे तोंड करून म्हणाली, "मला सणाला जुनंच मंगळसूत्र गाठवून दिलं. इंजिनाला शुद्ध पेट्रोल."

"आत्ता म्हणालीस ना नवी साडी?"

"ती माझ्या भावानं दिली."

मी हसलो असेन. पण मला पुढचं बोलायचं होतं आणि ते जमत नव्हतं. इतक्या वर्षांत तेलाशिवाय चालवलेली इंजिनं मी भरपूर पाहिली होती. कोणी आळसाने तेल घालत नाही, कोणी कंजुषीने, कोणी पंपावर घाईत विसरतो. अशा माणसाला सांगताना जड जात नाही, उलट थोडं बरंच वाटतं. पण आपल्या यंत्राला गोडधोड घालावं म्हणून ज्याने तेल काढून घेतलं, त्याला काय सांगायचं?

सांगितलं. तेल म्हणजे भेसळ नव्हे, वंगण. ते नसलं की पिस्टन आणि सिलिंडर एकमेकांवर कोरडे घासतात, तापतात, पिस्टन फुगतो आणि अडकतो. थंड झाल्यावर आकसतो, सुटतो, म्हणून चित्रान्नानंतर मोटर पुन्हा सुरू झाली. पहिल्या ओरडण्याला थांबला असता तर थोडक्यात भागलं असतं.

अण्णाने मोटरीवरची झेंडूची माळ सोडवून हातात घेतली. मग म्हणाला, "म्हणजे मीच घालवली."

"नाहीतर काय देवीनं?" अक्का म्हणाली. पण हे म्हणताना तिने त्याच्या दुखऱ्या खांद्यावरून सरकलेला पंचा नीट केला.

मग तिनेच मला खरी अडचण सांगितली. ठेक्याची मुदत संपत आली होती. संक्रांतीनंतर मत्स्य खात्याचे साहेब पाहणीला येणार होते. पाणी मोकळं दिसलं तर ठेका पुन्हा अण्णाला, नाहीतर दुसरा एक ठेकेदार टपूनच बसला होता. दसऱ्याच्या आधी अर्धा तलाव मोकळा झाला होता, आणि जलपर्णी दसऱ्याची सुट्टी घेत नाही.

"यांचा खांदा चालत नाही, मोटर चालत नाही," अक्का म्हणाली. "एक तरी दुरुस्त करा सार. दोन्हींतलं जे सोपं असंल ते."

मोटर उघडली तेव्हा कळलं की खांदा सोपा होता. पिस्टनचं ॲल्युमिनियम वितळून सिलिंडरच्या भिंतीला सारवल्यासारखं चिकटलं होतं. रिंगा पिस्टनमध्येच गाडल्या गेल्या होत्या. आमच्या मागच्या गल्लीत रहमानभाईंचा लेथ होता. त्यांनी सिलिंडर उजेडाकडे धरून आत पाहिलं आणि म्हणाले, "इसकू तो सुक्का चलाए साब. कौन दुश्मन है इनका?"

मी म्हटलं, "दुश्मन नहीं. पूजा किए."

रहमानभाईंनी सिलिंडर खाली ठेवला. "फिर तो नक्को बोलो कुछ," म्हणाले, आणि टोपी सारखी केली.

एकच गोष्ट बरी होती. आतली बेअरिंगं निळी पडली नव्हती, म्हणजे तिथपर्यंत उष्णता पोचली नव्हती. पण पिस्टन कुठून आणायचा? ही मोटर परदेशी, जुनी, आणि तिचा कारखाना ती विसरून गेला असावा. मालपेला निरोप पाठवला, मंगळूरला विचारलं, मुंबईला ओळखीच्या माणसाला लिहिलं. मुंबईच्या माणसाने कळवलं की पिस्टन नाही, पण अख्खी नवी मोटर आहे. शहाणपण विकणारे लोक नेहमी हेच सांगतात.

शेवटी आम्ही स्कूटरचा पिस्टन घेतला. तो थोडा मोठा होता. सिलिंडरला चिकटलेलं ॲल्युमिनियम तेजाबाने खाऊन काढलं. ॲसिड ॲल्युमिनियम खातं आणि त्या मानाने लोखंडाला सोडून देतं. मग रहमानभाईंनी सिलिंडर आतून कापून त्या पिस्टनच्या मापाचा केला. पिस्टनच्या पोटाला पेट्रोल आत जायच्या खिडक्या नव्हत्या, त्या आम्ही कानशीने पाडल्या. पिस्टन खालच्या दांड्याला जोडणाऱ्या पिनचं भोक जुळेना, त्यात बुश, म्हणजे एक छोटी नळी, बसवली. दोनदा चुकलं आणि दोन पिस्टन भंगारात गेले. तिसरा बसला. हे सगळं इतकं सविस्तर लिहितो, कारण माझ्या हातून झालेलं हे सर्वांत चांगलं काम आहे आणि याची हकिकत आमच्या घरीही कोणी शेवटपर्यंत ऐकलेली नाही.

बोटीची मोटर पाण्याशिवाय चालवून बघता येत नाही, कारण ती पाण्यानेच थंड होते. म्हणून गल्लीत पाण्याने भरलेलं पिंप ठेवलं, त्याला फळी बांधली आणि फळीला मोटर. अण्णाने स्वतः पेट्रोलमध्ये तेल घातलं. माप डोळ्यांसमोर धरून, औषधाचा डोस बघतात तसं बघितलं. दोरी ओढली. पिंपातलं निम्मं पाणी समोरच्या पान दुकानात गेलं.

"कहाँ जा रहे, साब?" पानवाल्याने गल्ला पुसत विचारलं.

"कोचीन," रहमानभाई म्हणाले. "वापस आते वख्त मच्छी लाएंगे."

निळा धूर सगळ्या गल्लीत पसरला. अण्णा त्या धुरातच उभा राहिला आणि खोकत, हसत म्हणाला, "वास बघा सार. तेलाचाच आहे की."

त्यानंतर मला तो बरेच दिवस दिसला नाही. दिवस उजाडायच्या आत मोटर सुरू व्हायची असं अक्काने कोणाबरोबर तरी कळवलं होतं. पुढे होडी, मागे दोरांची जाळी, जाळीत जलपर्णी. अक्का सुकाणूला. काठावर नुसते ढीग. पाहणीच्या दिवशी अण्णाने मला मुद्दाम बोलावलं, म्हणून मी गेलो. तो तलाव मी आधी एकदा पाहिला होता. हिरव्या पटांगणासारखा दिसायचा. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याच्यात आभाळ दिसत होतं. पाण्यावर पाणकावळे बसले होते, आणि कडेच्या नारळीचं प्रतिबिंब शेंड्यापासून बुंध्यापर्यंत पूर्ण होतं.

साहेब तिघे आले. त्यांच्यासाठी खुर्च्या, शहाळी, हार. मोठ्या साहेबांनी अण्णाच्या होडीतून फेरी मारली. मोटर पहिल्या ओढीला सुरू झाली, मध्येच ओरडली नाही, काही नाही. परत काठावर येऊन साहेबांनी चष्मा पुसला, पाण्याकडे पाहिलं आणि कन्नडमध्ये म्हणाले, "हे केरे इतकं छान आहे, हे आम्हाला माहीतच नव्हतं."

अण्णाने हात जोडले. मीही मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली, कारण छान दिसण्यात स्कूटरच्या पिस्टनचा वाटा होता. ते वाक्य काय करणार आहे, हे आमच्यापैकी कोणाला कळलं नाही. अक्काला तेवढं कळलं असावं. ती शहाळी गोळा करत होती ती थांबली.

ठेका अण्णाला मिळाला नाही. टपून बसलेल्या दुसऱ्या ठेकेदारालाही मिळाला नाही. मासेमारीच बंद झाली. इतकं सुंदर पाणी जनतेसाठी खुलं करावं असं ठरलं. काठाने जाळी लागली, सिमेंटचे बाक आले, मधे कारंजं आलं आणि पायडलने चालणारे पांढरे हंस आले. उद्‌घाटनाला एक मंत्री होते. त्यांनी पाण्याच्या काठावर बांधलेली फीत कापली, म्हणजे तलाव इतके दिवस त्या फितीमुळेच अडला होता असं वाटलं. भाषणात ते म्हणाले की हा तलाव निसर्गाने आपल्याला दिलेली देणगी आहे. निसर्ग माझ्या शेजारी उभा होता. त्याने डाव्या हाताने उजवा खांदा धरला होता.

"अंतरगंगे होती तोवर केरे आपलं होतं," अक्का मला म्हणाली. अण्णा फक्त "सरी" म्हणाला. इकडे सरी हा शब्द सगळ्याला चालतो, होकाराला, नकाराला, आणि जिथे दोन्हींचा उपयोग नाही तिथेही.

आवाज आणि धूर नको म्हणून तलावात मोटरबोटींना बंदी झाली. मोटर अण्णाने मालपेच्याच एका माणसाला देऊन टाकली. देताना तेल कसं मिसळायचं ते दाखवलं, मग पुन्हा दाखवलं, मग त्याच्याकडून करून घेतलं. शेवटी तो माणूस वैतागून "गोत्तू अण्णा, गोत्तू" म्हणाला, कळलं, कळलं. ती तिकडे पुढे बरीच वर्षं चालली असं रहमानभाईंना कुठून तरी समजलं. हे मला सांगताना ते खुश होते. मीही व्हायला हवं होतं.

मी हे पुष्कळदा उलटसुलट करून पाहिलं आहे. मोटर मेलेलीच राहिली असती तर ठेका दुसऱ्याकडे गेला असता, अण्णाच्या हातून केरे तरीही गेलंच असतं. पण तलाव हिरवा राहिला असता, आणि पुढच्या खेपेला अण्णाने ठेक्यासाठी पुन्हा प्रयत्न करून पाहिला असता. आम्ही नीट काम केलं म्हणून पुढची खेपच उरली नाही. कारखान्यात असताना आम्हाला शिकवलं होतं की बिघाडाचं मूळ शोधा, ते दुरुस्त करा, बाकीचं आपोआप चालतं. बाकीचं चालतं हे खरं. चालत कुठे जातं, ते कोणी सांगितलं नव्हतं.

पुढे त्याच तलावावर अण्णाला रोजंदारीचं काम मिळालं, हंस काठाला लागले की दोरीने बांधायचं. मी एकदा त्याला भेटायला गेलो. आडवार होता, गर्दी नव्हती. त्याने आग्रह करून मला हंसात बसवलं आणि स्वतः शेजारी बसला. आम्ही पायडल मारत कारंज्यापर्यंत गेलो. कारंजं बंद होतं. पाणी शांत होतं आणि काठावर दिवे लागत होते. मला वाटलं, आता काहीतरी बोलायला हवं. इतक्या वर्षांत मी त्याला एकदाही नीट म्हटलं नव्हतं की जे झालं त्याचं मला फार वाईट वाटतं. मी शब्द जुळवत होतो. आमच्या दोघांच्या आयुष्यांविषयी, कष्टांविषयी, पाण्याविषयी काहीतरी जुळतही आलं होतं.

"सार," अण्णा म्हणाला, "पाय स्वल्प वर घ्या. हा हंस गळतो."